म्हाताऱ्याची राहिलेली गोष्ट

खैरुन्निसाने गावाहून फोनवर हुकूम सोडला होता, की पासपोर्ट मिळो न मिळो, या जुम्म्याला मुस्तफाची पेटी बांधून झालीच पाहिजे. पेटी बांधली की माणूस निघतो, अशी तिची ठाम समजूत होती. नवरा मुस्तफा सौदीला गेला तेव्हापासून ती या समजुतीला चिकटून होती, आणि तिच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती.

तेव्हा लेक मासूमा, जावई तौकीर आणि नात अफशाँ पहाटे फजरची नमाज आटोपून रियाधहून निघाले आणि उन्हं चढायच्या आत बुरैदाला पोचले. डिकीत रिकामा खोका, नायलॉनची दोरी, रुंद चिकटपट्टी आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंनी नाव घालायला काळा मार्कर होता. ज्याला बांधून पाठवायचं तो माणूस मात्र अंगणात बसून उंटांच्या गळ्यातले पट्टे शिवत होता, आणि तेसुद्धा नव्या मालकाच्या, बदरच्या, उंटांचे.

मासूमाला सौदीत माहेर म्हणून जे काही होतं ते एवढंच. खजुरांच्या वखारीमागच्या बापाच्या दोन खोल्या. हंगाम केव्हाच संपला होता, तरी भिंतींना सुक्करी खजुराचा गोड वास होता. तो वास आला की रियाधच्या फ्लॅटमध्ये टापटिपीने राहणारी ही बाई दारातच चपला भिरकावून द्यायची. आज तिने चपला नीट कडेला लावल्या. आज ती बापाला इथून उचलायला आली होती.

उचलणं काही सोपं नव्हतं. जुना कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, शेख अबू नासर भला माणूस होता. मुस्तफा रजेवरून परतला की आपल्या खोलीवर जायच्या आधी त्याच्या बैठकीत जाई, गावच्या काजूची पिशवी पुढे ठेवी आणि तिच्यावर आपला पासपोर्ट. शेख तो लोखंडी कपाटात टाकी आणि दोघं कहवा पीत बसत. कामगाराचा पासपोर्ट कामगाराकडेच राहिला पाहिजे असा कायदा होऊन जमाना लोटला, तौकीरने तो मोबाइलवर काढून वाचून दाखवला, तरी मुस्तफाने रीत मोडली नाही. कपाटात असला की हरवत नाही, एवढंच म्हणायचा. मग गेल्या रमझानात शेख वारला, आणि कपाटाची किल्ली शेखच्या जावयाच्या, बदरच्या, हातात गेली.

आणि बदरला पासपोर्टच्या बदल्यात मुझम्मिल हवा होता.

मुझम्मिल हा खैरुन्निसाच्या भावाचा धाकटा मुलगा. मुस्तफाच्या शब्दावर ड्रायव्हरच्या व्हिसाने आला. शेख होता तोवर त्याने गाडी चालवलीही. शेख गेल्यावर बदरने त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली, फोन काढून घेतला आणि त्याला नेऊन वाळवंटात उंटांमागे सोडला. पगार बंद झाला. एक उंट भरकटला तेव्हा पाठीवर वळ उठले. ऐन खजुराच्या हंगामात पोरगा तिथून नाहीसा झाला. बदरने त्याच्यावर ‘हुरूब’ लावला, म्हणजे तो कामावरून पळाल्याची नोंद सरकारात करून टाकली, आणि मुस्तफाला बजावलं की पोराचा पत्ता सांग, मगच तुझा पासपोर्ट आणि तुझा कायमचा परतीचा व्हिसा. इकडे गावात सुफियानचं, म्हणजे मासूमाच्या धाकट्या भावाचं, इफराशी लग्न ठरलं होतं. तारीख पुढच्या महिन्यातली. नवरदेवाचा बाप उंटांचे पट्टे शिवत बसला होता.

सगळ्यांचं डोकं फिरायला एवढंच पुरेसं होतं, त्यात अफशाँच्या कादंबरीची भर पडली.

अफशाँ बारावीला होती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिच्या वाट्याला दीडशे वर्षांहून जुनी एक अमेरिकन कादंबरी आली, गुलामगिरीवरची. दर जुम्म्याला ती नानांना फोनवर त्यातली गोष्ट सांगायची, निम्मी मराठीत, निम्मी हिंदीत, आणि अडलं की इंग्रजीत. मुस्तफाला त्यातल्या म्हाताऱ्या गुलामाचा लळाच लागला. पहिला मालक चांगला, पण कर्जात बुडतो आणि त्याला विकतो. दुसरा मोकळं करायचं कबूल करतो आणि त्याआधीच मरतो. तिसरा तर माणसांतच जमा नाही. म्हातारा सगळं सोसतो, देवाचं नाव घेतो आणि पळत नाही. मुस्तफा ऐकताना चुकचुकायचा आणि पुढच्या जुम्म्याची वाट बघायचा.

मग मागच्या महिन्यात एकदा अफशाँने गोष्टीच्या आधी विचारलं, नाना, आज काय केलंत? नानांनी साधेपणाने सांगितलं की बदरच्या पाहुण्यांना कहवा करून घातला. पोरगी भडकली. फोनवरच म्हणाली, “यू आर जस्ट लाइक हिम, नाना. त्या म्हाताऱ्यासारखे.” आणि फोन ठेवला. त्या म्हाताऱ्याचं नाव आज अमेरिकेत शिवीसारखं वापरतात, मालकापुढे मान तुकवणाऱ्याला देतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. पुस्तक तोवर पुरतं वाचून झालं नव्हतं.

आणि मुस्तफाने काय करावं? त्याने ती शाबासकी समजली. लगेच गावाला फोन करून बायकोला सांगितलं, की नात म्हणते मी त्या म्हाताऱ्यासारखा हाय. खैरुन्निसाने ते कौतुकाने मासूमाला सांगितलं, आणि मासूमाला लाजेने कुठे तोंड लपवावं कळेना. लेकीला तिने चांगलंच झापलं. बापाला खरा अर्थ सांगायचा धीर मात्र तिला झाला नाही. अफशाँनेही त्यानंतर गोष्ट सांगायची बंद केली. अभ्यास आहे, म्हणायची.

आज आल्याआल्या ती नानांना सलाम करून आतल्या खोलीत गेली आणि पुस्तक उघडून बसली. रविवारी प्रोजेक्ट द्यायचं होतं.

“पुढचं आज सांगशील काय?” मुस्तफाने बाहेरून विचारलं.

“वाचून होऊ दे, नाना,” तिने आतून उत्तर दिलं, आणि मासूमाने खोक्याची चिकटपट्टी उगाचच जोरात ओढली.

जुम्म्याची नमाज झाली तरी सुफियानचा पत्ता नव्हता. तो कतीफच्या मासळी बाजारात काम करायचा आणि येताना बर्फात घालून पापलेट आणणार होता, म्हणून मासूमाने नुसता भात करून ठेवला होता. वाट बघता बघता तौकीरने सासऱ्याला गाठलं. सासरा म्हणजे त्याचा सख्खा मामाही, त्यामुळे बोलायची भीड नव्हती. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर मुझम्मिल कुठे आहे ते ठाऊक असेल तर सांगून मोकळं व्हा. पोरगा तरुण आहे, त्याचं तो बघेल. नाही तर मला कामगार खात्यात तक्रार करू द्या. तक्रार मोबाइलमध्ये लिहून तयार आहे, फक्त बोट टेकवायचं बाकी आहे.

मुस्तफाने पट्ट्याचा टाका घट्ट ओढला. दोन्ही नको, म्हणाला.

“पण का नको, मामू? कारण तरी सांगा.”

“थोडा दम धर.”

तौकीर उठून मासूमाजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, की तुझ्या बापाला जायचंच नाहीये, चाळीस वर्षांत त्यांना मालकाची सवय लागली आहे. मासूमाला राग आला, आणि जास्त राग याचा आला की तिलाही तेच वाटत होतं. तिने पेटीत दुधाच्या भुकटीचे डबे रचले, गोधडी घातली, अत्तराच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळल्या. तौकीर तसा चांगला नवरा होता. त्याचं भय तिला समजत होतं. हुरूब लागलेल्या माणसाला आसरा देणाऱ्यालाही आत टाकतात, हे त्याने तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की मुझम्मिल स्वप्नात आला तरी ती दचकून जागी व्हायची.

सुफियान आला तो दुपार कलल्यावर. डोळे तांबारलेले, शर्ट चुरगळलेला, हातात मासळीचा डबा. कुठे होतास, असं मासूमाने विचारलं तर म्हणे ट्रॅफिक. कतीफपासून बुरैदापर्यंत नुसता सरळ रस्ता आणि वाळू, त्यात जुम्म्याच्या दिवशी कसलं आलंय ट्रॅफिक? पण तिला पापलेट साफ करायचे होते.

जेवताना सुफियान तौकीरच्याही वरताण निघाला. माझ्या लग्नात तुम्ही नसाल तर लोकांना मी काय सांगू, म्हणाला. बदर मोठा की मुलगा मोठा, म्हणाला. मध्येच मांडीवरचा फोन उलटा करून बघायचा आणि पुन्हा बापावर घसरायचा. मासूमा मनात म्हणाली, इफराचे मेसेज आल्याशिवाय नवरदेवाला घास उतरत नाही. तिने तसं चिडवूनही घेतलं. सुफियान हसला, पण कसनुसा. मुस्तफा खाली मान घालून पापलेटचे काटे काढत होता. दोन पुरुष एका बाजूला आणि म्हातारा एकटा, असं ते ताट होतं.

मासूमाने मग ठरवून टाकलं. ती आपली अधेमधे उभी राहून थकली होती. भांडी आवरून ती बापाशेजारी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, “अब्बा, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून टाका ना. माझ्यासाठी. अम्मीनं किती वाट बघायची अजून?”

मुस्तफाने तिच्याकडे पाहिलं. असं वाटलं की तो आता बोलणार. त्याच क्षणी सुफियान खोकला, आणि मुस्तफाने नजर काढून घेतली.

“तुझ्या आईला वाट बघायची सवय हाय,” तो म्हणाला. “चहा कर.”

मासूमा उठली. चहात साखर किती घातली ते तिला कळलं नाही. बापावर ती आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून रागावली होती.

उन्हं उतरताना असरची नमाज झाली आणि बदर आला. पांढरा शुभ्र पायघोळ थोब, हातात जपमाळ, बोलणं मऊ. मुस्तफाने उठून त्याला गादीवर बसवलं, स्वतः कहवा ओतून दिला. तौकीर तोंड फिरवून बसला. मासूमा आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. तिच्या खांद्याला अफशाँचा खांदा लागला होता. पोरीने बोट घालून पुस्तक मिटलं होतं, शेवटची थोडीच पानं राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

“काय झालं गं?” मासूमाने हळूच विचारलं.

“वेट, मम्मी,” अफशाँ म्हणाली. “नाना काय म्हणतात बघू.”

बदरने आधी लग्नाची चौकशी केली, पेटी बघून मुबारक म्हटलं. मग कहव्याचा फिंजान खाली ठेवून म्हणाला, की सासरे तुला भाऊ मानायचे, मीही तुला परका मानत नाही. पोरगा दुसऱ्या कुणाकडे तरी लपून काम करतोय, तो मला परत पाहिजे. नाव सांग, गाव सांग, आणि उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन जा. तुला ठाऊक नाही असं मात्र म्हणू नकोस.

अरबीतलं हे सगळं मासूमाला कळत होतं. तिला वाटलं, बाप नेहमीसारखा हात चोळील आणि अल्लाला माहीत म्हणेल. हातातली दल्ला, कहव्याची किटली, मुस्तफाने हळूच खाली टेकवली.

“मी खोटं बोलणार नाय,” तो त्याच्या कोकणी वळणाच्या अरबीत म्हणाला. “पोरगा कुठं हाय ते मला ठाऊक हाय. पण तो माझ्या घरचा हाय, माझ्या शब्दावर आला. तुला माझ्याकडनं काय पायजे ते घे. त्याचं मी सांगणार नाय.”

अफशाँने आईचा दंड एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. मासूमाने वळून पाहिलं. पोरगी रडत होती, आणि कशासाठी ते मासूमाला कळेना.

बदर काही आरडाओरडा करणारा नव्हता. उठताना एवढंच म्हणाला, की सकाळपर्यंत विचार कर, नाही तर तुझ्यावरही हुरूब लावीन, मग बघ लग्न. तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तौकीरचा बांध फुटला. इतके दिवस ठाऊक होतं आणि आम्हाला अंधारात ठेवलं, म्हणाला. एका मुझम्मिलसाठी तुम्ही सगळ्या घराला खड्ड्यात घालणार, म्हणाला. माझ्या मुलीचं शिक्षण, माझी नोकरी, तुम्हाला कशाचीच पर्वा नाही. हे बोलताना त्याचं त्यालाच लागत होतं, कारण हा मामा त्याच्यावर बापासारखी माया करत आला होता. सुफियान भिंतीला टेकून फोनकडे बघत होता. या वेळी तौकीरच्या बाजूने तो चकार शब्द बोलला नाही.

“पापा, बस करा,” अफशाँ म्हणाली. “प्लीज. तुम्हाला माहीत नाही.”

“तुला काय माहीत आहे?”

ती उत्तर देणार तोच मुस्तफाचा फोन वाजला. गावाहून खैरुन्निसाचा. सुफियान एका झेपेत बापाजवळ पोचला आणि त्याने फोन स्पीकरवर टाकला.

“उतरला,” खैरुन्निसा म्हणाली. मागे कुणीतरी हुंदके देत होतं, बहुतेक तिची भावजय, मुझम्मिलची आई. “मुंबईत उतरला, बाहेर आला. आत्ताच बोलला माझ्याशी. भूक लागली म्हणतो मेला.”

सुफियान मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडायला लागला. मुस्तफाने डोळे मिटले, अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, आणि चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. हात खाली आले तेव्हा चेहऱ्यावरची कितीतरी वर्षं उतरल्यासारखी झाली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हंगामात मुस्तफानेच मुझम्मिलला खजुरांच्या ट्रकमध्ये बसवून कतीफला सुफियानकडे धाडलं होतं. मासळीवाल्यांच्या खोलीत तो इतके दिवस राहिला. दूतावासातून कागद करून घेतले, त्याला वेळ लागला. आज पहाटेच सुफियानने त्याला दुपारच्या विमानासाठी दम्मामच्या विमानतळावर सोडलं आणि तिथून तो थेट इकडे आला. बदरला वाटत होतं पोरगा लपून दुसरीकडे राबतोय. तो देश सोडून निघालाय याचा नुसता वास लागला असता, तरी त्याने चोरीचा खोटा आळ घातला असता आणि मुझम्मिल विमानतळावरच अडकला असता. तौकीरची तक्रार गेली असती तरी तेच. म्हणून कहवा ओतायचा, पट्टे शिवायचे आणि गप्प बसायचं. विमान उतरेपर्यंत बदरला सुगावा लागून चालणार नव्हतं.

“आणि जेवताना अब्बांवर तोंडसुख घेत होतास ते?” मासूमाने भावाला विचारलं.

“मी गप्प राहिलो असतो तर तुला संशय आला असता, आपा.”

“म्हणजे इफराचे मेसेज नव्हते ते.”

“दोन होते,” सुफियान नाक पुसत म्हणाला.

मासूमाला एवढा आनंद झाला होता की रागवायला जागाच उरली नव्हती, तरी तिने मन लावून रागावून घेतलं. मला का नाही सांगितलं, म्हणाली. बापाने शांतपणे सांगितलं, की तुझ्या पोटात काही राहत नाय, आणि जावयाला सांगितलं असतं तर त्याला झोप लागली नसती. दोन्ही गोष्टी इतक्या खऱ्या होत्या की नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. तेवढ्यात मासूमाच्या डोक्यात आणखी एक गोष्ट लखकन आली. पेटी याच जुम्म्याला बांधायची, हा हुकूम.

“अम्मी,” ती फोनकडे वाकून म्हणाली, “तुलाही ठाऊक होतं.”

“पेटी बांधून झाली काय?” खैरुन्निसाने विचारलं. “नसेल तर बांधा. मला कामं आहेत.” आणि तिने फोन ठेवला.

तौकीर अजून जरा फुरंगटला होता. एवढ्या मोठ्या गोष्टीत आपल्याला कुणी विचारलं नाही, हे त्याला लागलं होतं. मुस्तफाला ते दिसलं. त्याने बदरचा नंबर लावला, घंटा वाजू दिली, आणि पलीकडून आवाज आल्यावर दोनच वाक्यं बोलला. पोरगा मुंबईत उतरलाय. आता माझा जावई तुझ्याशी बोलेल. आणि फोन तौकीरच्या हातात दिला.

“सांग तुझा कायदा,” तो म्हणाला.

तौकीर एवढा खुलला की त्याची ऑफिसातली मोडकी अरबी भाषासुद्धा धावायला लागली. दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवला तर काय शिक्षा होते, ड्रायव्हरला उंटांमागे लावलं तर काय होतं, पगार थकवला तर काय होतं, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. मुझम्मिल दूतावासात सगळं सांगून गेलाय, हे शेवटी घातलं. मग बदर इतका मऊ बोलला की मऊपणा पहिल्यांदाच खरा वाटला. सूर्य मावळून मगरिबची बांग व्हायच्या आत त्याचा ड्रायव्हर पासपोर्ट घेऊन दाराशी हजर होता. खजुराच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळला होता. तौकीरने तो उघडून एक एक पान तपासलं आणि खिशात घालायला मामांना दिला. खुरूजचं, म्हणजे कायमच्या परतीचं, बाकीचं काम मोबाइलवर करायचं होतं, ते त्याने स्वतःकडेच घेतलं. आता त्याच्या हातातून ते काढून घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

मुस्तफाने पासपोर्ट खिशात घातला. काढून बघितला. पुन्हा घातला. मासूमाला आठवत होतं तेव्हापासून तो खिसा रिकामाच होता.

नमाज झाली. उरलेले पापलेट तळायला पडले आणि खोल्यांमध्ये लग्नघराची कलकल सुरू झाली. सुफियान दोरी कापत होता, तौकीर मार्करने खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव घालत होता आणि अक्षर वाकडं आलं म्हणून स्वतःवरच चिडत होता. मासूमाने उंटांचे पट्टे उचलून वखारीच्या दाराबाहेर ठेवून दिले.

मुस्तफा पेटीला टेकून बसला होता. अफशाँ येऊन समोर बसली, पुस्तक मांडीवर.

“वाचून झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“मग सांग. तिथंच राहिलंय. तो तिसरा मालक.”

अफशाँने सांगायला सुरुवात केली. या वेळी ती सगळं मराठीत सांगत होती. त्या मालकाच्या घरात दोन बायका होत्या, त्याही गुलाम. त्या पळून जायचं ठरवतात आणि म्हाताऱ्याला सांगून जातात, आमच्याबरोबर चल म्हणतात. तो म्हणतो, तुम्ही जा. मग मालक येतो आणि विचारतो, कुठे गेल्या. इथे अफशाँ थांबली. दोरी कापणारा सुफियानही थांबला. मासूमाच्या हातात उलथणं होतं, तव्यावर मासळी चुरचुरत होती, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. मघाशी दाराशी उभी राहून पोरगी का रडत होती, ते तिला आता कळलं.

“त्याला ठाऊक असतं, नाना,” अफशाँ म्हणाली. “तो तसं म्हणतोसुद्धा. पण सांगत नाही. खूप मारतात त्याला. तरी सांगत नाही.”

मुस्तफाने मान हलवली. “त्या दोघी पोचल्या काय?”

“त्याचं काय झालं ते नाही विचारत तुम्ही?”

“त्याचं काय व्हायचं ते दिसतंय मला. म्हातारा होता. त्या पोचल्या काय ते सांग.”

“पोचल्या,” अफशाँ म्हणाली. “दोघी. दुसऱ्या देशात. मोकळ्या झाल्या.”

“हां,” मुस्तफा म्हणाला आणि त्याने पेटीवर पाठ सैल सोडली. मग थोड्या वेळाने, काहीतरी जुनं आठवल्यासारखा, हसला. “तू त्या दिवशी मला म्हटलंस ना, मी त्या म्हाताऱ्यासारखा हाय. मी तुझ्या नानीला सांगितलं. ती म्हणाली, पोरीनं उगाच चढवलं असेल.”

अफशाँने आईकडे पाहिलं. मासूमाने काहीच खूण केली नाही. लेकीने काय बोलावं हे तिने आज लेकीवरच सोडलं.

“नाही, नाना,” अफशाँ म्हणाली. पुस्तक बाजूला ठेवून तिने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. “उगाच नाही. नानीला सांगा, मी आज परत म्हटलंय.”

मुस्तफाने खिशावरून हात फिरवला, पासपोर्ट आहे ना पाहिलं, आणि सुफियानला म्हणाला, आण ती दोरी.